एक घर डावीकडं

पोटात खळ साठली होती.
डॉक्टरांनी वेगळा शब्द वापरला, लांबलचक,
पण फोटोत दिसली ती मी ओळखली.
मागावर चढायच्या आधी सुताला देतात तीच,
घट्ट, गढूळ, चमचा उलटा केला तरी न पडणारी.
अपेंडिक्सच्या टोकाला शिजत होती म्हणे
दोन वर्षं, आवाज न करता.
साखर पेठेत दोन वर्षं
आवाज न करता काही चालतं, याचंच नवल.

बिराजदार मॅडम माझ्या धाकटीच्या वयाच्या.
बरगडीखालून पार खालपर्यंत
बोट हवेत ओढून म्हणाल्या, असं उघडणार.
चिकटलंय ते सगळं खरवडणार,
मग दीड तास गरम औषध फिरवणार आतून.
आणि काका, बेंबी जाईल. तिथंही पोचलंय.
पेन खाली ठेवलं.
नवी करून देऊ?
थोडा वेळ जास्त लागेल. उपयोग तसा काही नाही तिचा.

सुगुणा म्हणाली, या वयात कोण बघणार आहे.
आणि एकदम गप्प झाली.
बघणारी तीच होती.

उपयोग काही नाही.
एकोणचाळीस वर्षं मी भोकंच पाडली.
जकार्डचे पुठ्ठे. ग्राफवर घरं मोजायची,
भोक असेल तिथं सुई शिरते, धागा वर येतो,
नसेल तिथं धागा खाली निजून राहतो.
एवढ्या भांडवलावर मोर नाचवलेत मी चादरींवर.
एक भोक चुकलं की मोराचा डोळा मानेवर
आणि अख्खा लॉट सेकंड.
आता कॉम्प्युटर करतो, करू दे.
पण रिकाम्या जागेला उपयोग नसतो
हे मला कुणी सांगू नये.

आई तिला बोड्डु म्हणायची.
गड्ड्यावर शेंगा जास्त झाल्या त्या रात्री
हिंग कालवून भरायची तिच्यात.
माझी जरा डावीकडं होती.
सुईण नाळ बांधत होती, गिरणीचा भोंगा झाला,
तिचा हात हलला, असं आई सांगायची.
खरं-खोटं तिलाच ठाऊक.

आदल्या संध्याकाळी मॅडम जांभळं पेन घेऊन आल्या.
पोट फुगून बेंबी कधीच बाहेर आलेली,
मूळची कुठं होती, तिची तिलाही आठवत नसेल.
मी म्हटलं, द्या इकडं.
कंबरेच्या दोन्ही हाडांवर बोटं ठेवली,
सुगुणाला शिवणाची टेप धरायला लावली,
मध्य काढला,
आणि त्याच्या एक घर डावीकडं फुली मारली.
काका, मधोमध छान दिसेल.
मॅडम, डिझाइन पार्टीचं असतं,
पंच मारणाऱ्याचं नसतं.
त्या हसल्या नाहीत. फाइलीत लिहून घेतलं.

नऊ तास.
कातडीचे दोन पापुद्रे आत वळवून
खालच्या जाड पडद्याला टाचले, हे नंतर कळलं.
तिसऱ्या रात्री वाटलं,
बेंबीच्या देठापासून ओरडावं.
पण देठच कुठं होता?

बाराव्या दिवशी सिस्टरनं
आतला कापसाचा बोळा चिमट्यानं काढला.
सुगुणा वाकली. चष्मा पुसून परत वाकली.
एक घर नाही हो, म्हणाली, दीड आहे.
तीन महिन्यांत पहिल्यांदा हसली ती,
मला हसता येईना, टाके ओढत होते.

पुढचा स्कॅन उन्हाळ्यात.
यंदा गड्ड्यावर मी नको नको म्हणताना शेंगा खाल्ल्या.
रात्री तिनं वाटीत हिंग कालवलं,
करंगळीनं भरलं, थांबली.
ही तर आत कुठंच जात नाही.
मी म्हटलं, जुनी तरी
कुठं जात होती.