पिवळ्या छत्रीमागून

या मंडळी. उतरलात तसेच उभे राहा जरा,
चौदा वळणं पोटात अजून फिरत असतील.
ती थांबेपर्यंत माझं नाव सांगते : एर्सीलिया.
बत्तीस वर्षं मी इथे टपाल वाटलं.
आता टपाल येत नाही, तुम्ही येता,
शनिवारी, अकरा दहाच्या गाडीनं,
म्हणून नगरपालिकेनं ही छत्री दिली.
पावसासाठी नव्हे. माझ्या मागून चालण्यासाठी.

मोंतेसोर्दो म्हणजे बहिरा डोंगर.
समोरच्या कड्याला हाक मारून बघा.
मारा, लाजू नका.
बघितलंत? परत काहीच येत नाही.
खालच्या गावातले म्हणतात, दगड भुसभुशीत आहे.
आम्ही म्हणतो, त्याला सगळं ऐकू येतं,
उत्तर द्यायचं नसतं एवढंच.
माझ्या वडिलांसारखं.

जपून, इथून गल्ली अरुंद होते.
दोन गाढवं समोरासमोर आली तर एकानं मागं सरायचं.
कुणी, यावरून दोन घराणी साठ वर्षं बोलली नाहीत.
गाढवं कधीच मेली,
अबोला मात्र परवापरवापर्यंत धडधाकट होता.
मग दोन्हीकडून एकेकच उरलं, ओर्तेन्सिओ आणि तुल्लिया,
आणि पत्ते खेळायला तिसरं कुणी मिळेना.
ते बघा, बसलेत. तुल्लिया लबाडी करते.

वाकून आत या.
भिंतीवरचा हा संत कोण, कुणालाच माहीत नाही.
भूकंपात चेहऱ्याचा गिलावा पडला,
हात उरले, हातात काहीतरी गोल.
मी कधी पाव सांगायचे, कधी चीज.
मग एका लहान मुलीनं विचारलं, चेंडू आहे का?
तेव्हापासून मी चेंडू सांगते.
वहीवाले विद्वान आले की परत पाव.

या भिंतीचा फोटो नको, नुसती वाचा.
काळ्या चौकटीचे कागद :
कोण गेलं, किती वाजता नेणार.
जुन्यावरच नवा चिकटवतात,
त्यामुळे भिंत थोडी थोडी जाड होत जाते
आणि गाव तेवढंच पातळ.

कमरेच्या किल्ल्या? एक्केचाळीस आहेत.
बेल्जियमच्या कोळशात गेलेले,
तोरोंतोत विटा रचायला गेलेले,
जाताना टपालवालीकडे किल्ली ठेवून गेले :
खिडक्या उघडत जा अधूनमधून.
उघडते. सोमवारी वरची आळी, गुरुवारी खालची.
कुठल्या घरात काय कोंडलंय, मला पाठ आहे.
चेस्टनटचा धूर. ओली लोकर.
एका घरात अजून
कुणीतरी रागानं निघून गेल्याचा वास.

काय म्हणालात? बघण्यासारखं काय आहे?
आधी पाणी प्या. या नळाचं.
दात शिवशिवतील, मग सांगते.

नाही, विसरायच्या आधी सांगून ठेवते :
गाडी चार चाळीसला. मी आत चढून डोकी मोजते,
रागावू नका.
एकदा एकजण मागे राहिला. तेव्हा कुणी मोजत नसे.
व्हिचेंझाचा. वाट चुकलो म्हणाला.
धंदा काय, तर नकाशे विकायचे!
ड्रायव्हरनं तीनदा हॉर्न वाजवला.
मला दिसत होता तो, इथेच, ओंजळीनं पाणी पिताना.
कडा गप्प होता. मीही गप्प.

एकोणतीस वर्षं संसार झाला आमचा.
हाक मारली तर लगेच ओ द्यायचा,
या गावात तो एकटाच.
आता तिथे आहे, सायप्रसच्या मागे,
वरच्या ओळीत, डावीकडून तिसरा.
तिकडे मी कुणाला नेत नाही.
छत्री इथे मिटते.

चला. एकवीस, बावीस, तेवीस…
बाकावर ती टोपी कुणाची?