तीन वर्षं मी ब्रेक होते

तीन वर्षं मी ब्रेक होते.
म्हणजे असं, की वावीच्या पुढच्या माळावर
मुरमाच्या पट्टीच्या टोकाला विमान,
आत मी, साडीवर यांचा फॅक्टरीतला स्वेटर,
आणि मुठीत सायकलचा ब्रेक,
दांड्याला क्लिपांनी आवळलेला.
बाहेर गांगुर्डे पंख्याला हात घालणार.
"धरलाय?"
"धरलाय."
"सोडू नको."
दर रविवारी आमचं एवढंच बोलणं.

(नवऱ्याला मी गांगुर्डेच म्हणते.
ओझरला सगळे म्हणायचे, माझ्याही तोंडी बसलं.)

बत्तीस वर्षं दुसऱ्यांच्या विमानांना रिव्हेट मारले,
मग फंडाच्या पैशातून एक लांबलचक पेटी आली.
नळ्या, कापड, पुड्यांत मोजून बांधलेले नटबोल्ट
आणि एक जाड पुस्तक.
उडावं कसं, वळावं कसं, उतरावं कसं, सगळं त्यात.
नुसतं उभं कसं राहावं, ते पान नव्हतं.

आधी माझ्या भावाच्या बागेतून
द्राक्षाच्या मांडवाची तार ताणायचं खटकं आणलं.
त्यानं केबल अशी धरली की सुटेचना.
पाना, हातोडी, शिव्या,
तोवर वारा फिरला, दिवस गेला.

मग बाभळीची खुंटी, लिव्हरच्या फटीत ठोकलेली.
इंजिनच्या थरथरीनं तीळ तीळ सरकत
माझ्या पायाशी पडली.
मी आत होते म्हणून बरं.
गांगुर्डे त्या रात्री जेवले नाहीत,
नुसती खुंटी फिरवून फिरवून बघत बसले.

स्कूटरच्या ट्यूबचं कडंही झालं.
एका उन्हाळ्यात त्याला पापडासारख्या भेगा.

पट्टा माझा.
प्रेशरचं जुनं मशीन बिघडलं, आकडे काहीही दाखवायचं,
पण दंडाला गुंडाळायचा पट्टा धडधाकट.
भद्रकालीतून पोत्याचा दोरा आणला,
सुई दोनदा मोडली,
तीन टीपा घातल्या, आडव्या, आणि एक तिरकी
मनाच्या समाधानासाठी.
लिव्हर दाबायची, पट्टा फिरवायचा, चिकटवायचा.
सोडताना एका हातानं चर्र.
गांगुर्डे म्हणाले, "बावीस रुपयांत झालं की गं."
मशीनचे साडेअठराशे धरले नाहीत त्यांनी.

तरी लगेच म्हणाले,
"पट्ट्यावर जीव टाकायचा नाही.
पट्टा म्हणजे पाच मिनिटांची उसनवारी."
म्हणून चाकांपुढं दोन ओंडके, दोरी माझ्या हातात,
आणि शेपूट जीपच्या हुकाला.

त्या रविवारी मी पहिल्यांदा बाहेर उभी.
गांगुर्डे पंख्यापाशी गेले, बाह्या सारल्या,
आणि रिकाम्या सीटकडं बघून, सवयीनं,
"धरलाय?"

पंखाच्या टोकाशी दोरी घेऊन मी.
काय सांगणार?
"धरलाय."

दुसऱ्या झटक्यात इंजिन लागलं.
मागचं कुसळी गवत जमिनीला चिकटलं,
पंखांचं कापड थरथरायला लागलं,
नाक असं पुढं झेपावलेलं
जसं दाव्याचं वासरू.
एवढं ओढायचं हे?
तीन वर्षं आत बसून मला वाटलं
मी फक्त मूठ मिटते.

गांगुर्डे वळसा घालून आले, बसले, कमरेला बेल्ट.
जीपवाल्या बोरश्यांच्या पोरानं हूक काढला.
मी दोरी ओढली, ओंडके निघाले,
एक माझ्या नडगीवर आला.
विमान हललं नाही.
बावीस रुपये जागचे हलले नाहीत.

मग काचेआड त्यांची मान खाली झुकली,
उजवा हात दांड्याकडं गेला.
त्या गोंगाटात चर्र कुठलं ऐकू येणार?
पण माझ्या डाव्या दंडाला,
जिथं वर्षानुवर्षं तो पट्टा आवळायचा,
तिथं एकदम
हलकं वाटलं.