करिता

ऑपरेशनच्या आठ दिवस आधी
तो विक्रोळी कोर्टाबाहेर उभा राहिला,
टेस्टर खिशाला, सवयीनं.
निळ्या ताडपत्रीखाली टायपिस्ट विचारत होता, धंदा?
'वायरमन,' म्हणाला.
मग थांबून, 'मालक लिहा.
नाचणकर इलेक्ट्रिकल्स, भांडुप.'

मुखत्यार.
मला वाटायचं, मुखावरून आला असेल शब्द :
त्याचं तोंड मी व्हायचं.
नोटरीबाई म्हणाल्या, नाही हो, अरबी आहे तो,
निवडलेला, असा अर्थ.
लग्नात मला निवडलं होतं त्याच्या आईनं.
त्यानं स्वतः, ही पहिलीच वेळ.

कलमं त्यानं रात्री, जेवण झाल्यावर
लाइटबिलाच्या पाठीवर काढली होती,
सर्किट काढतो तशी.
बँकेत भरणं, काढणं – हो.
लोहार चाळीतल्या छेडांची उधारी – हो.
तौफीकचा पगार, सात तारखेला, उशीर न करता – हो.
उदयाचल सोसायटीकडे अडकलेले
मीटररूमचे अडतीस हजार
वसूल करणं, वेळ पडल्यास भांडून – हो, हो.
गाळा विकणं –
इथं पेन उचललं गेलं.
त्या आठवड्यात थोरल्या भाऊजींचा चार वेळा फोन :
गाळ्याचं काय ठरवलंस?
'नाही' लिहिलं त्यानं. खाली दोन रेघा.
'तुझ्यावर अविश्वास नाही गं.
हा फ्यूज आहे.
कुणी फार दाबलंच तुला, तर
आधी हा उडेल. तू नाही.'

सगळं वाचून झाल्यावर
नोटरीबाईंनी चष्मा काढला.
'एक सांगते. हे पत्र, हे आहेत तोवरच.
ते गेले की त्याच क्षणी हेही गेलं.
पुढचं मृत्युपत्रात लिहायचं.'
'म्हणजे मेन स्विच मीच,' तो हसला.
मी नाही हसले.
शाईचा अंगठा पुसायला तिथं
बनियनची एक चिंधी होती,
शंभरेक जणांच्या अंगठ्यांनी काळी झालेली.

परवाना मात्र देता येत नाही कुणाला.
तो त्याच्या नावाचा, त्याच्या हातांचा.
मला सही मिळाली, हात नाही मिळाले :
अंधारात, नुसत्या बोटांच्या पाठीनं
तापलेली वायर ओळखणारे ते हात
केईएमच्या चादरीवर सलाइन घेत पडले होते.
काम तौफीक करायचा,
तपासून, सही करून जायचे मुलुंडचे परेरा,
चहासुद्धा न घेता.
शटर मी उघडायचे.

भाऊजी आले. स्टुलावर बसले.
किल्ल्या माझ्याकडे असू देत, म्हणाले,
बाईमाणूस कुठं कुठं बघणार.
मी कलम दाखवलं.
'मला विकताच येत नाही, भाऊजी.
मनात आलं तरी.'
न येण्यात एवढं बळ असतं
हे मला त्या दिवशी कळलं.
उदयाचलचे सेक्रेटरी तर
पत्राची प्रत उलटी धरून वाचत बसले बराच वेळ.
अडतीसमधले वीस दिले. बाकीचे बघू.

पहिला चेक तौफीकचा.
सही कशी करायची विचारलं तर
काउंटरवरची पोरगी म्हणाली,
आधी 'करिता' लिहा,
मग त्यांचं नाव, मग तुमची सही.
करिता.
बावीस वर्षं पहाटेचा डबा,
त्याच्या शर्टांवरचे सोल्डरचे डाग,
कशावरच लिहावं लागलं नव्हतं हे.
माझी सही थोडी थरथरली,
पण चेक वटला.

संध्याकाळी बिलबुक घेऊन वॉर्डात गेले.
छातीवरचे टाके जपत त्यानं पानं उलटली,
माझ्या सहीवर येऊन थांबला.
वाटलं, आता बोलेल काहीतरी.
'परबकाकूंच्या बिलात,' तो म्हणाला,
'दोन एमसीबी लावायच्या राहिल्यात.'