सतरा आटे

पहाटे साडेतीनला उमरखाडीच्या कोपऱ्यावर
लोखंडी झाकण पहारीनं उचलतो.
आत झुरळं, गाळ, कुणाची तरी एक चप्पल,
आणि खाली, हात न पोचेल असा व्हॉल्व्ह.
चावी सोडतो. टोक बसलं की दिसत नाही,
मनगटाला कळतं.
मग फिरवायचं. सतरा आटे.
दिवसाच्या फर्ज रकातीही सतरा.
योगायोग आहे. मी त्यातून काही काढत नाही.

सतराव्या आट्याला दांड्याला कान लावतो.
आधी हवा खोकते,
मग लांबून कुणी चटई ओढत आणावी
तसं पाणी येतं.
वरच्या मजल्यावर बादली सरकते,
आणि फजरच्या अजानीला सगळा मोहल्ला
माझ्या हातच्या पाण्यानं वजू करतो.
असं मी म्हणायचो, माझ्या हातचं पाणी.
आता म्हणत नाही.

ते साल कपातीचं होतं.
बेकरीवाले खमीससेठ म्हणाले, परकार,
मागच्या गल्लीला सतराच्या जागी बारा दे,
कपातीत कोण मोजतंय?
दर जुम्म्याला पाकीट.
मी हिशेब केला: मुलीची फी, बायकोचा चष्मा.
हिशेब बरोबर आला.
नफ्सचा हिशेब कधी चुकत नाही,
तीच त्याची खोड.

सात महिने पहिल्या सफेत उभा राहिलो.
कपाळावर डाग उठावा म्हणून
सजदा जरा दाबूनच करायचो.

मग एका पहाटे, चावी खांद्यावर, मागच्या गल्लीतून येताना
तळमजल्याच्या दारात रुकय्याबी.
नळाखाली पातेलं. पातेल्यात काही नाही.
तिनं नळ उघडला, बंद केला, उघडला.
मग भिंतीकडे वळून
चुन्याच्या धुळीवर दोन्ही पंजे टेकवले,
चेहऱ्यावरून फिरवले, मग हातांवरून.
तयम्मुम.
वाळवंटातल्या मुसाफिराला मिळालेली सवलत
मुंबईत, पाइपापासून हातभर अंतरावर.
मला पाहून म्हणाली, "ये रे परकार, दमला असशील,
चहा ठेवते..."
आणि पातेल्याकडे बघून स्वतःच हसली.

पाकिटं परत केली. ते सोपं होतं,
पैसे मोजून देता येतात.
पाणी कसं परत करायचं?
सात महिने, रोजचे पाच आटे,
गुणिले किती पातेली?

हाफिज इद्रीसना विचारलं.
"कुणी एक जण आहे," अशी सुरुवात केली.
ते गच्चीत पायमोजे वाळत घालत होते.
म्हणाले, त्या कुणाला सांगा,
जिचं घेतलं तिच्या दारात आधी जा,
अल्लाहच्या दारात मग.
आणि चिमटा लावता लावता म्हणाले,
चावी नीट फिरव.

तीनदा दारापर्यंत जाऊन परतलो.
चौथ्यांदा सांगितलं.
ती बराच वेळ तांदूळ निवडत राहिली.
मग म्हणाली, "मला वाटायचं, पाइप जुना झालाय."
माफ केलं असं म्हणाली नाही.
मीही विचारलं नाही.

इहसान म्हणजे काय, हाफिज दर गुरुवारी समजावतात:
तू त्याला बघतोयस असा उभा राहा,
ते जमेना तर तो तुला बघतोय, एवढं धर.
मला अजून दोन्ही धरता येत नाही.
सजद्यात कंबर आठवते, पेन्शनचा फॉर्म आठवतो,
डावा गुडघा तर नावानिशी हाक मारतो.
डाग मात्र आता फिका पडत चाललाय.
पडू दे.

पण काळोखात, रस्त्यावर एक कुत्रं सोडून कुणी नसताना
वाकून कान लोखंडाला लावतो, श्वास धरतो,
पाणी यायच्या आधीची ती हवा ऐकतो,
तेव्हा कधीकधी वाटतं
दांड्याच्या त्या टोकालाही
कुणी असाच कान लावून आहे.
बाराव्या आट्याला हात अजून थबकतो.
तेरा, मी मोठ्यानं म्हणतो. चौदा.

मग झाकण लावून चावी उचलतो.
पुढचं चेंबर चिंचबंदरच्या बाजूला.
तिथे अकरा आटे.