अर्ध्या सेकंदाचे तुकडे

पाईप पाण्याचा, आठ इंची,
पोलोग्राउंडच्या गोदामात उरलेला.
आरसा मी घासला.
दिवसा चष्म्याच्या काचा घासते,
कोठारी मार्केटमागे, जिन्याखालच्या दुकानात.
उणे दोन, उणे साडेतीन,
कुणाला जवळचं दिसत नाही, कुणाला लांबचं.
रात्री मात्र एकच काच, सात महिने,
पुढे-मागे, पुढे-मागे, मग थोडी फिरवून,
जोवर तिला फक्त लांबचंच दिसू लागलं.

पेटी लियाकत मिस्त्रींची.
एकोणीस एमएमचा प्लाय, वरच्या कडा अर्धगोल कापलेल्या.
"दीदी, ये पेटी है कि तोप?"
तोपच म्हणा, मी म्हटलं,
फक्त गोळा समोरून येतो.

तळाशी भंगारातून वजनावर आणलेली तबकडी,
मधला कागद खरवडलेला, गाणं कुणाचं कळत नाही.
तिच्यावर तेलाच्या डब्याचे तीन तुकडे,
त्यांवर सगळा डोलारा.
ढकललं की फिरतो.
सुई नाही म्हणून गात नाही, नुसता खाकरतो.

खरी माउंट तिरकी बसते,
ध्रुवाकडे मान करून,
आणि मोटर तिला फिरवत राहते.
तिची किंमत मी एकदा विचारली होती.
दुकानदाराने आधी मलाच नखशिखान्त पाहिलं.
माझ्या पेटीला दोनच गोष्टी कळतात,
वर-खाली आणि डावं-उजवं.
आकाश या दोन्ही मानत नाही, ते कलतं चालतं.
ध्रुव इंदूरहून तेवीस अंशांवर, म्हणजे
राजेंद्रनगरच्या माझ्या गच्चीवरून
शेजाऱ्यांच्या टाकीआड.

म्हणून अर्धा सेकंद.
त्याहून जास्त उघडं ठेवलं की ताऱ्याला शेपूट फुटतं.

डिसेंबर. मृग शहराच्या बाजूनेच उगवतो,
सराफ्याच्या उजेडातून, तळणीच्या धुरातून
अंग सोडवत वर येतो.
त्याच्या बाणाखाली एक धुकट डाग.
टिपायचा. ढकलायचं. पेटीची थरथर
थांबेपर्यंत श्वास धरायचा. पुन्हा.
पहाटे चारपर्यंत तीनशे चाळीस.
बेरीज केली,
तीन मिनिटंही भरली नाहीत.

एकशे सतरावा असा झाला:
साडेअकराला लियाकतभाई वर आले,
कुणाच्या वलीम्याहून परतताना, अंगाला अत्तर,
आपली पेटी रात्री काय करते ते बघायला.
हात लावू नका, म्हणेपर्यंत
तळवा फळीवर ठेवलाही होता,
पुऱ्या झालेल्या प्रत्येक कामावर ठेवतात तसा.

दुसऱ्या दिवशी भाच्याच्या कॉम्प्युटरवर
एकावर एक रचायला घेतले.
मधला तारा सगळ्यांत जागच्या जागी,
कडेचे मात्र वळत गेलेले,
भिंतीवरची तसबीर कुणी रात्रभर
हळूहळू वाकडी करत होतं जणू.
एकेक सरळ करावा लागतो.
मग कोपऱ्यांत काळे तिकोने उरतात, ते कापायचे.
एकशे अठ्ठावीस हललेले. खालचा पंप,
जिन्यातली पावलं, माझा खोकला.
राहिले दोनशे बारा. एकशे सहा सेकंद.
त्यांतून तो आला.
रंग फारसा नाही, जुन्या कॅमेऱ्याला तेवढं जमत नाही.
राखेवर फुंकर मारावी
आणि राख परत खाली बसूच नये, तसा.

एकशे सतरावा टाकायच्या ढिगात होता.
तारे नव्हतेच त्यात. प्रत्येकाच्या जागी
एक दातेरी केस,
सगळे एकाच वळणाचे.

मिस्त्री दुकानात आले तेव्हा दाखवला.
कपाळावरचा चष्मा खाली घेतला त्यांनी,
अधिक दोन, माझ्याच हातचा,
आणि बराच वेळ पाहिलं.
"रंदा उछल गया," म्हणाले.
"गाँठ रही होगी कोई."

मग चांगला फोटो दाखवला.
अच्छा है, म्हणाले,
आणि पुन्हा त्या पहिल्याकडे वळले.
"नीचे रबर लगा दूँ?"

अमावास्येला अजून नऊ दिवस आहेत.