गेटवरची झडती

एकतीस वर्षं मी नोटा तपासल्या, देवा,
नाशिकरोडच्या प्रेसमध्ये, बहुतेक दुसऱ्या पाळीत.
शाईचा वास डब्यातल्या भाकरीलाही लागायचा.
ताव उजेडासमोर धरायचा:
पाण्यातला छाप, धागा, आकडे.
कुठे रेघ तुटली, कुठे निळा रंग केसभर सरकला,
की लाल पेन्सिलीची फुली,
आणि तो ताव दळायच्या मशीनकडे.

पाळी सुटली की गेटवर झडती.
खिसे उलटे, डबा उघडा, चपला काढून.
कोट्यवधी रुपये जायचे बोटांखालून
आणि बाहेर पडायचो बसभाड्याच्या चिल्लरीनिशी,
तीही आत शिरताना वहीत लिहून दिलेली.
सीलास घुले हसून म्हणायचा,
"याकोबराव, वरच्या गेटची रंगीत तालीम चाललीय."

मग ती नोव्हेंबरातली रात्र.
टीव्हीवर चार वाक्यं,
आणि बारा वाजता माझी अर्धी नोकरी रद्दी.
एस्तेर तेव्हा दवाखान्यात.
काउंटरवरच्या मुलीनं माझ्या नोटा परत सरकवल्या,
"या चालत नाहीत, काका."
कुणाला सांगू, बाई,
की यांच्यातली एकेक मी उजेडात धरून
चालेल म्हणालो होतो?

डिसेंबरात शरणपूरच्या कबरस्थानात
थंडीनं माती अशी घट्ट
की खणणाऱ्यानं दोनदा पहार बदलली.

त्यानंतर कितीतरी रविवार
मंडळी उभी राहून तुझ्या सिंहासनाचं गायची,
मी ओठ मिटून पुढच्या बाकाचे खिळे मोजायचो.
राज्य कसं असतं ते मी पाहिलं होतं.
एकानं बोलावं, बाकीच्यांनी रांगेत उभं राहावं.
तूही तसाच, असं वाटायचं.
हे तुला तेव्हाच कळलं असणार,
तरी आज तोंडानं सांगतो.

निवृत्त झालो तसं पाळकांनी
दान मोजायचं काम माझ्याकडे दिलं.
जित्याची खोड, मोजण्याआधी मी प्रत्येक नोट
खिडकीकडे धरायचो.
एकदा थाळीत दहाची एक आली,
चार घड्या घातलेली, मधोमध चिकटपट्टी,
कोपऱ्यात पेननं कुणाचा तरी अर्धा फोन नंबर,
हळदीचा डाग, सुकटीचा वास.
मालिका आमच्याच प्रेसची.
मी सहज म्हणालो, ही माझ्या हाताखालून गेली होती का,
देव जाणे.

आणि थांबलो.

आयुष्यभर हे दोन शब्द
मी खांदे उडवून म्हटले होते.

देव जाणे.
मी नोटा पाहिल्या कोऱ्या, करकरीत,
गठ्ठ्यात बांधून निघणाऱ्या.
पुढे त्या कुठल्या पदरात गाठ झाल्या,
कुठल्या उशाखाली घामेजल्या,
कुणाच्या औषधाला एकच कमी पडली,
ते प्रेसला ठाऊक नाही, बँकेला नाही,
तुला आहे.
फाटकी, डागाळलेली, फुली मारण्याजोगी
ती तुझ्या थाळीत येते
आणि तू ती दळत नाहीस.

असलं राज्य मी पाहिलं नव्हतं, प्रभू.

थोर आहेस तू.
गंगापूर धरणाचे दरवाजे उघडतात,
दुतोंड्या मारुतीच्या छातीला पाणी लागतं
आणि अख्खं नाशिक पुलावर येऊन पुराची उंची मोजतं.
तुला कशावरून मोजू?
देवळालीच्या तोफा दुपारी धडधडतात, खिडक्या हलतात.
त्याच आवाजात शेजारच्या सुवर्णाचं तान्हं
डोळा न उघडता कूस बदलतं.
त्याच्यासारखं निजता येईल एवढा
मोठा आहेस तू.

एस्तेरचं का, ते मला अजून कळलेलं नाही.
विचारणार आहे.

झडतीची मला सवय आहे.
चपला काढून येईन,
खिसे स्वतःच उलटे करीन.
आत जाताना काय आणलं होतं
ते तुझ्या वहीत असेलच.
तोवर रविवारी उभा राहतो,
आवाज फाटका आहे,
चालवून घे.