जवारी

सकाळी बायकोला सांगितलं, जवारी काढायला मिरजेला चाललोय.
ती म्हणाली, दोन किलो जास्तच आणा, भाकरीला संपलीय.

तिला माहीत आहे. तीस वर्षं माहीत आहे.
खायची नाही, सतारीची जवारी:
घोडीवर कानस इतकी हळू फिरवायची
की तार हाडाला टेकतेय का नाही
हे तारेलाही कळू नये.

माझ्या घोडीला दोन कार्बोरेटर आहेत.
बावन्न सालची एमजी, दोन माणसांची,
तिसऱ्याला जागा नाही, पावसाला भरपूर आहे.
गुळाच्या वखारीत पोत्यांखाली सापडली तेव्हा
सीटमध्ये उंदरांची कितवी तरी पिढी नांदत होती
आणि डॅशबोर्डच्या घड्याळात सव्वाचार वाजले होते.
अजून तेवढेच वाजलेत.

हिचे नट ना इंची पान्याला बसतात ना मिलीच्या.
कुणा साहेबानं आपलंच वेगळं माप काढलं आणि तो मेला.
कुपवाडच्या लेथवर दर रविवारी
मी त्याचं श्राद्ध घालतो.
पंपाचं सील बर्मिंगहॅमहून येतं.
कस्टमवाला फोनवर विचारतो, मेडिकल आहे का?
एका अर्थी, मी म्हणतो.
खाली तेल गळतं, त्याला परात लावलीय.
परात बायकोची. ती मागत नाही, मी विषय काढत नाही.

सिग्नलला पोरं विचारतात, काका, किती देते?
देत नाही बाबा, घेते.
लग्नवाले विचारतात, वरातीला द्याल?
नवरदेव उतरून ढकलणार असेल तर देतो.

एकोणीसच्या पुरात पाणी गावभागात शिरलं
त्या रात्री मी आधी हिला ढकलत चढावर नेलं,
मग माघारी आलो, घरच्यांना न्यायला.
हा क्रम कुणी विसरलेलं नाही.
मेहुणा तर बारशातसुद्धा सांगतो.
पण चार दिवसांनी, शाळेच्या वर्गात, सतरंजीवर
रत्नप्रभानं पिशवी उघडली:
रेशनकार्ड, ठेवींच्या पावत्या, पोरीचे पैंजण,
आणि लिमलेटच्या डब्यात
माझे जेट, माझ्या सुया,
प्रत्येक नगाला जुन्या पातळाची चिंधी गुंडाळलेली.
मी काही बोललो नाही.
बोललो असतो तर तिनं डबा परत बंद केला असता.

दस्तगीरभाईला गाडीतलं ओ का ठो कळत नाही.
तो बॉनेटपाशी वाकतो,
रबरी नळीचं एक टोक कानात, दुसरं कार्बोरेटरच्या तोंडाशी,
डोळे मिटलेले. मागे दुकानात भोपळे टांगलेत.
पुढचा चढलाय, म्हणतो. मी अर्धा आटा सोडतो.
उतरला. लईच उतरला. परत घे.
आता मागचा.
बोलतोय, पण खोटं बोलतोय.
मग एकदम हात वर.
थांब. आता हात लावू नको.
खाली खर्ज, आणि आत कुठंतरी
बारीक, पितळी, लांबत गेलेला झणकार.
समोर खुंट्या तासणारा पोरगा
मान वर करून बघत राहतो.
पैसे विचारले तर दस्तगीरभाई म्हणाला,
सतारीचे घेतो. हे काय आहे ते मला ठाऊक नाही.

घराखाली येऊन हॉर्न दिला.
हॉर्न वाजत नाही, तोंडानंच दिला.
रत्नप्रभा रुमाल बांधून खाली आली,
न बोलता परात तेवढी आत सरकवली, आणि बसली.
हरिपूरच्या रस्त्याला चिंचांखालून
ऊन-सावली, ऊन-सावली बॉनेटवरून पळायला लागली,
उकडलेल्या हळदीचा वास तोंडावर आपटला,
काटा साठावर थरथरला
आणि ती हसली. मोठ्यांदा, एकोणीसशे ब्याण्णवसारखी.

मग ठक्क.
मग फक्त पाखरं.

तिनं पदर खोचला, मी स्टिअरिंग धरलं.
उसाचा ट्रॅक्टर शेजारी हळू झाला,
वरून एकानं विचारलं, मावशी, किती देते ओ?
आज मला चार किलोमीटर दिले, ती ढकलता ढकलता म्हणाली.
आणि हे जवारी विसरून आलेत.